मुंगळे ऐकणारी

पितळेचा पेला दाराच्या चौकटीला उपडा टेकवायचा, बुडाला कान लावायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट वर करून सगळ्या घराला गप्प करायचं. "थांबा जी, आयकू द्या मले." सेक्टर दोनमधल्या आमच्या ओळीत तेव्हा तुमच्यापैकी कुणी राहत असेल, तर ते बोट त्याला आठवेलच. माझ्या तर ते अजून डोळ्यांत खुपतं.

ती शेजारच्या क्वार्टरमधली. तिचा नवरा कोक ओव्हनला, माझा रोलिंग मिलला. पोलाद कारखान्याच्या भट्ट्या अजून उभ्या राहत होत्या आणि आम्ही सगळ्या बायका भंडारा-गोंदियाकडची गावं सोडून नव्या कोऱ्या घरांत आलो होतो. पावसाळ्यात लाकूड भिजलं की त्यात मोठे काळे मुंगळे शिरत. आतून कोरून घर करत आणि भुसा बाहेर टाकत. चौकट वरून धडधाकट दिसे, आत पोकळ.

मग हिला बोलावणं जाई. दिवेलागणीला ही गुळाचा खडा ठेवी आणि गूळ घेऊन परतणाऱ्या मुंगळ्याच्या मागे वाकून चालत राही. तो जिथे गडप होई तिथे पेला लावी. घर सापडलं की भोक पाडून उकळतं पाणी. "उधई लाकूड खाते जी, हे खात नाही," ती सांगे. उधई म्हणजे वाळवी. "हे फक्त राहाले येते. यायले बी क्वार्टर पायजे ना!" बायका हसून लोटपोट. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

एकदा एका रशियन साहेबाच्या बायकोनं तिला बोलावलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी ही चहा पिऊन, बिस्किटांचा डबा घेऊन आली. मी मॅट्रिक झालेली. मला कधी कुणा रशियन बाईनं चहाला बोलावलं नाही.

हेही मी सोसलं असतं. पण माझ्या सासूबाईही तिच्याच झाल्या.

सासूबाईंनी गावाहून एकच वस्तू आणली होती, आंब्याच्या लाकडाचा देव्हारा. त्याच्याखाली रोज सकाळी बारीक पिवळसर भुकटी पडू लागली. सासूबाईंनी हात जोडले. देव अंगारा देऊन राहिला, म्हणाल्या. पुडीत भरून ठेवला आणि ड्यूटीवर निघालेल्या लेकाच्या कपाळाला लावू लागल्या. मी पुडी उघडून पाहिली तर त्यात मुंगळ्याची तंगडी. "आई, हा भुसा आहे. देव्हाऱ्यात मुंगळे झालेत," मी सरळ सांगितलं.

"माह्या देवाले मुंगळे लावते तू?" त्यांनी पुडी हिसकावली. त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. मी वाढलेलं जेवायच्या, पण माझ्याकडे बघायच्या नाहीत. मी रडले, चिडले, भांडी आदळली. काही उपयोग झाला नाही.

शेवटी ह्यांनीच शेजारणीला बोलावलं. ती आली, तिनं भुकटीकडे पाहिलं. आता ही काय शहाणपणा सांगते म्हणून मी दारात उभी राहिले. तर तिनं पुडीतली चिमूट घेऊन आधी स्वतःच्या कपाळाला लावली! तो भुसा आहे हे माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"मावशी, कोनं केला वो देव्हारा?"

सासूबाईंचा चेहराच बदलला. "माह्या मालकानं. सोताच्या हातानं." आणि मग त्या बोलतच राहिल्या. वादळात पडलेला आंबा, मामंजींनी उसना आणलेला रंधा, बोटाला झालेली जखम. लग्नाला इतकी वर्षं होऊन ह्यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. ही मांडी घालून ऐकत होती. आत माझं वरण उतू जात होतं.

सगळं ऐकून झाल्यावर तिनं पेला लावला. "मावशी, अभिषेकाचं पानी मागच्या फळीत मुरून राहिलं. देवाले दोन दिवस पाटावर बसवा. मालकाच्या लाकडाले ऊन दाखवू."

आणि सासूबाई चक्क हो म्हणाल्या! अंगणात मागची फळी उघडली तेव्हा पांढरी अंडी तोंडात धरून मुंगळे सैरावैरा पळाले. उकळतं पाणी मीच आणून दिलं. सासूबाईंनी पाठ थोपटली तिची.

पुढे तिच्या नवऱ्याला राउरकेल्याला काम मिळालं. निघताना तिनं पेला सासूबाईंच्या हातात दिला. माझ्या नाही. "मुंगळे आले तर सूनबाईले आयकाले सांगजा," म्हणाली. मी तोंड फिरवून तिच्यासाठी दशम्या बांधत होते. ती गेली आणि आमची ओळ सुनी झाली, हे मी कुणाजवळ बोलले नाही.

सासूबाईंना मोतीबिंदूनं दिसेनासं झालं. माझ्याशी आता बोलायच्या, पण मीठ, औषध, पाणी एवढंच. एका दुपारी देव्हारा पुसताना मला काय वाटलं कोण जाणे, मी पेला घेतला आणि मागच्या फळीला लावला. पितळ लाकडाला लागल्याचा आवाज त्यांनी ओळखला.

"आली का वो माय?" त्या खाटेवर उठून बसल्या. चेहरा एकदम उजळला. "बस. तुले त्या आंब्याचं सांगाचं राहिलं. सून हाये, चांगली हाये, पन तिले वेळ नाही."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. गॅलरीत धुणं तसंच होतं.

"सांगा जी मावशी," मी म्हटलं. "आयकून राहिली मी."