तळ्यावरचे डॉक्टर

आमच्या डॉक्टरांना उत्तर देण्याआधी प्रश्न ऐकून घ्यायची सवय नव्हती. ते माणसांचे डॉक्टर नव्हते, जनावरांचेही नव्हते. राहुरीच्या एका औषध दुकानात चार वर्षं पुड्या बांधल्या, एवढीच त्यांची वैद्यकी. मुळा धरणाखाली एका बागायतदारानं माशांची तळी काढली, तेव्हा हे व्यवस्थापक झाले आणि पहिल्याच दिवसापासून स्वतःला डॉक्टर म्हणवून घेऊ लागले. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन तिथं पाणी तपासायला लागले होते.

त्यांचा सगळा जीव टेट्रासायक्लिनमध्ये. रोहूच्या पिल्लांवर लाल चट्टे दिसले की पेंडीत कॅप्सूल फोडायच्या. चट्टे गेले तरी रोज चिमूटभर चालूच. "जंतूंना धाक पाहिजे," असं ते म्हणत. धाक कसला, आम्ही जंतूंना तालीम देत होतो. थोड्या औषधात जे तगले, तेच वाढत गेले.

जाळं ओढणारे काशिनाथ भोई एकदा म्हणाले, "सायेब, गर्दी लई झालीय. निम्मी पिल्लं दुसऱ्या तळ्यात सोडा, पानी बदला. नुसत्या औषिदानं काय व्हनार न्हाई."

"तू जाळं ओढ. शास्त्राचं मी बघतो."

पुढच्या हंगामात चट्ट्यांच्या जखमा झाल्या. मी आजारी मासे घेऊन नगरला माझ्या जुन्या कॉलेजात गेले. त्यांच्यातले जंतू बशीत वाढवले, वर औषधाची कागदी चकती ठेवली. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ कडं उमटतं. इथं जंतूंची साय थेट चकतीला भिडली होती. बशी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसून ती पाहिली.

"बशी खराब आहे," म्हणाले, आणि औषध दुप्पट केलं.

आठ दिवसांत दोन तळी उलट्या, पांढऱ्या पोटांनी भरली.

ते मासे उपसताना काशिनाथांच्या बोटात एका माशाच्या पराचा काटा शिरला. डॉक्टरांनी त्याच कॅप्सूल त्यांना दिल्या. बशी मी पाहिली होती. तिथंच अडवायला हवं होतं. पण त्या माणसाच्या तोंडी कोण लागणार, म्हणून गप्प बसले. बोट सुजलं, काळं पडलं, शेवटी दवाखान्यात काढावं लागलं. तेवढा दोष माझाही. बाकीचा सगळा त्यांचा.

अशा माणसांचं वाईट होत नाही. दुसऱ्या एका बागायतदारानं त्यांना जास्त पगारावर बोलावलं. निरोपाला आम्ही हार आणला होता. जीपमध्ये बसता बसता ते काशिनाथांच्या हाताकडे पाहून म्हणाले, "बोट वाचलं असतं रे. तू औषध वेळेवर घेतलं नाहीस."

"व्हय सायेब," काशिनाथ म्हणाले. "मासं बी येळेवर घेत न्हवते."

डॉक्टरांनी समाधानानं मान डोलावली.

"तेच तर मी म्हणतो," ते म्हणाले, आणि जीप सुरू करायला सांगितली.