चाकं करणाऱ्याचं आडनाव

माझं आडनाव फोनवर कुणालाच एका दमात कळत नाही. माहेरचं मराठी आडनाव इथल्या लोकांना अवघड जायचं, पण हे इंग्रजी असूनही त्याहून अवघड, कारण इंग्रजांनीसुद्धा ते कधी ऐकलेलं नसतं. लंडनजवळच्या वॉटफर्डच्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून तीस वर्षं काढली, तिथे सगळे मला नुसतं डॉक्टर म्हणून मोकळे झाले. नवरा इंग्रज. वॉटफर्डच्याच एका शाळेत फिजिक्स शिकवायचा. तो जाऊन चार वर्षं झाल्यावर त्याच्या नावाने एक पत्र आलं.

पत्र मँचेस्टरच्या एका बाईंचं होतं. निवृत्त मिडवाइफ, वयाने माझ्याएवढ्याच, आणि आडनाव तेच. हे आडनाव लावणारी जेवढी घरं सापडतील तेवढ्यांना त्या पत्रं पाठवत होत्या. त्यांचे पणजोबा गाड्यांची लाकडी चाकं करायचे. तरुणपणीच ते कालव्यात बुडाले, प्रेत काही मिळालं नाही. पणजीने लोकांचे कपडे धुऊन चार मुलं वाढवली. त्या घरातल्या मुलांना पुढे तीन पिढ्या कालव्याच्या काठाने जाऊ देत नसत. तुमच्याकडे जुने कागद आहेत का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

मी पत्र बाजूला ठेवलं. माझ्या माहेरचा कुलवृत्तांत छापला तेव्हा माझ्या नावापुढे 'विवाहित, इंग्लंड' एवढंच आलं होतं आणि माझी फांदी तिथेच संपली होती. आता दुसऱ्यांच्या वंशावळीत मी कशाला डोकं घालू, असं वाटलं. पण नवऱ्याच्या फाइली कधीतरी आवरायच्याच होत्या. त्या आवरताना त्याच्या पणजोबांचा लग्नाचा दाखला निघाला. नाव पत्रातल्या पणजोबांचंच, लग्न वॉटफर्डचं. धंदा, चाकं करण्याचा. खाली वडिलांचं नाव आणि त्यांचा धंदा, लोहार. नवरदेवाच्या नावापुढे लिहिलं होतं, विधुर.

मी बाईंना ईमेल करून त्यांच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव तेवढं विचारलं. तासाभरात उत्तर आलं. नाव तेच होतं, आणि लोहारच. त्यांच्या पणजोबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हाचा माझ्याकडचा दाखला होता. आणि त्यांची पणजी तर पुढे म्हातारी होऊन वारली होती.

मी मुलीला फोन केला. ती इथेच जन्मलेली, मराठी तिच्या पद्धतीने बोलते. "ममा, ते माणूस बायकोला सोडून पळाला. जस्ट ईमेल इट," ती म्हणाली. पण वाईट बातमी नातेवाइकांना समोर बसवून सांगायची, ही माझी नोकरीतली सवय. मी ट्रेनचं तिकीट काढलं.

बाई स्टेशनवर घ्यायला आल्या होत्या. माझं आडनाव त्यांना माहीत होतं, चेहरा माहीत नव्हता, त्यामुळे त्या आधी माझ्या मागे बघत राहिल्या. मग हसल्या आणि माझी बॅग घेतली. ट्राममध्ये आम्ही गुडघ्यांच्या दुखण्यावर बोललो. घरी गेल्यावर त्यांनी चहा ओतला आणि मी दाखल्याची प्रत पुढे केली.

त्यांनी ती दोनदा वाचली. "म्हणजे ते बुडालेच नाहीत," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं की मला तसंच वाटतं. मग उठून त्यांनी आपली जाडजूड फाइल आणली आणि जुन्या जनगणनेचं एक पान काढलं. पणजोबा गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी घेतलेली गणना होती ती. पणजी घरात एकटी कर्ती, धंदा धुण्याचा, आणि नावापुढे 'विवाहित'. विधवा नव्हे. हे बघून बाईंनी तेव्हा समासात पेन्सिलीने 'लेखनिकाची चूक' असं लिहून ठेवलं होतं.

"तिला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मुलांना ती कालवा सांगत राहिली. पण दारात आलेल्या सरकारी माणसाला खोटं सांगायची तिची तयारी नव्हती."

त्यांनी ती पेन्सिलीची ओळ खोडली. रडल्या नाहीत. रागावल्या असतील तर दाखवलं नाही. फक्त म्हणाल्या, ती शेजारणींसमोर कशी उभी राहत असेल.

जेवणानंतर त्यांनी वंशावळीचा मोठा कागद टेबलावर पसरला, पणजोबांपासून दुसरी रेघ काढली आणि खाली उतरत माझ्या नवऱ्याशी आल्या. शेजारी माझं नाव लिहायला लागल्या. मी म्हटलं, मी रक्ताची नाही.

"तुम्ही नसता तर ते अजून कालव्यातच असते," त्या म्हणाल्या, आणि माझ्या माहेरच्या आडनावाचं स्पेलिंग विचारलं.

मे महिन्यात त्या वॉटफर्डला आल्या. आम्ही चर्चमागचं पणजोबांचं थडगं शोधून काढलं. दगडावर त्यांचं आणि वॉटफर्डच्या बायकोचं नाव होतं, आणि त्यांच्या नावापुढे 'प्रेमळ पती'. बाईंनी ते मोठ्याने वाचलं, नोंदीसाठी फोटो घेतला आणि बुटांना लागलेला चिखल गवतावर पुसला. फुलं आम्ही कुणीच आणली नव्हती.