शेवटी कुणीतरी बोलतं

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दुपारची भाजी निवडत बसले होते. “भाऊ गेले,” एवढंच त्या म्हणाल्या. मी उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरी पोचले, तर शेजारपाजारची माणसं जमलेली आणि कोपऱ्यात टीव्ही चालूच. पोलिसांची मालिका. पडद्यावरचा इन्स्पेक्टर कुणाला तरी दरडावत होता, आणि समोरच्या खुर्चीत माझे थोरले भाऊ मान एका बाजूला टाकून बसलेले. टीव्ही बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. शेवटी मीच केला.

रहस्यकथांचं वेड भाऊंना शाळेपासूनचं. आमचं गाव करमाडजवळ, ते शिकायला शहरात खोली करून राहायचे. शनिवारी घरी यायचे ते गुलमंडीच्या वाचनालयातलं एखादं पुस्तक घेऊनच. मला ओसरीवर बसवून मोठ्यानं वाचायचे, आणि शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटून विचारायचे, “सांग, कुणी केलं?” लेखकांना त्यांनी दोन रांगांत बसवलं होतं. आयत्या वेळी कुठून तरी नवाच गुन्हेगार आणून उभा करणारे, ते लबाड. “सगळं वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं ठेवलं पाहिजे, आणि तरी त्याला दिसलं नाही पाहिजे,” असं ते म्हणायचे. दुसऱ्या रांगेतले थोडेच. खून झालेल्या घरात दुसऱ्या दिवशी चूल कुणी पेटवली, हेसुद्धा जे लिहायचे, ते. पुढं टीव्ही आला, मालिका आल्या, आणि भाऊंची तक्रार अशी की हे पोलीस लई पळतात, एका जागी बसून विचार कुणी करत नाही. तरी बघायचे. शेजारी त्यांची शैला बसायची. एकुलती एक लेक. ती त्यांच्या आधी गुन्हेगार ओळखायची आणि भाऊंना त्याचा कोण आनंद…

शैला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गेली. सासर जालना रस्त्याच्या आतलं गाव, नाव लिहीत नाही. पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडली, असा निरोप आला. आम्ही पोचलो तेव्हा तिला बाहेर काढून ठेवलं होतं. वहिनी तिच्या अंगावर कोसळल्या. भाऊ मात्र विहिरीच्या काठाशी उभे राहिले. तिथं शैलाच्या चपला होत्या, शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या. घडा कुठंच नव्हता, दोरही नव्हता. भाऊंनी पोलीस जमादाराला हाताला धरून तिथं आणलं. पाणी शेंदायला आलेली पोर रिकाम्या हातानं कशी आली, आणि चपला अशा नीट कुणी लावल्या, असं ते विचारत राहिले. जमादार वाईट माणूस नव्हता. तो हळूच म्हणाला, “साहेब, ही काय टीव्हीवरची मालिका आहे का?” पंचनामा आधीच झाला होता. शैलाला अग्नी देऊन आम्ही परत विहिरीवर गेलो, तर चपलाही तिथं नव्हत्या.

त्यानंतर भाऊ त्या गावाच्या शिवारात हिंडत राहिले. आयुष्यभर वाचलेलं सगळं त्यांनी पणाला लावलं. कोण कुठल्या वाटेनं आलं, कुठून काय दिसतं, कुणाचं म्हणणं कुणाशी जुळत नाही. बांधावर मेंढरं चारणाऱ्या कौसाबाईनं त्यांना सांगितलं, पोरगी विहिरीवर एकटी नव्हती, नवरा आणि दीर संगं होते. त्या दिवशी घरी आल्यावर भाऊंनी माझे दोन्ही हात धरले. “साक्षीदार मिळाला गं,” म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. पोर गमावलेल्या बापाचा तसा चेहरा मला बघवेना.

नवऱ्यावर आणि दिरावर केस झाली, ती वर्षानुवर्षं चालली. कौसाबाई पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, “मला काय दिसलं नाय.” वकिलांनी फिरवून फिरवून विचारलं. तिनं मान वर केली नाही. दोघंही सुटले.

मी कौसाबाईला वाटेल ते बोलले. भाऊंनी मलाच गप्प केलं. तिची झोपडी शैलाच्या सासरच्यांच्याच बांधाला, मेंढरं त्यांच्याच रानात, ती जाईल कुठं, असं म्हणाले. पण तिला सोडलंही नाही. केस पुन्हा उभी राहावी म्हणून ते वकिलांचे, अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले आणि दर थोड्या दिवसांनी तिच्या बांधावर जाऊन बसायचे. ती त्यांना बघून मेंढरं दुसरीकडं वळवायची. भाऊंचं जेवण तुटलं, अंगावरचे सदरे ढगळ झाले. मालिका मात्र सुटल्या नाहीत. मला त्या आवाजाचासुद्धा राग यायचा. एकदा मी विचारलंच, अजून हे कसं बघवतं तुम्हाला?

ते म्हणाले, “मला वाटायचं, लेखकाची थाप म्हणजे तो हुशार डिटेक्टिव्ह. तसं नाही गं. डोकं चालवणारी माणसं असतात. मीच नाही का शोधून काढलं? थाप वेगळीच आहे. ह्यांच्यात शेवटी कुणीतरी बोलतं.” आणि मालिकेत गुन्हेगार कबुली द्यायला लागला की भाऊ खुर्चीत पुढं सरकायचे, तोंड उघडं ठेवून ऐकायचे… तहानलेल्या माणसासारखे.

भाऊंच्या तेराव्यानंतर एका सकाळी कौसाबाई दारात आली. शहरात घर शोधत, विचारत विचारत आली होती. वहिनींनी तिला आत घेतलं. ती भाऊंच्या खुर्चीपासून लांब, भिंतीला टेकून खाली बसली आणि कुणी न विचारता बोलायला लागली. दोघांनी शैलाला कसं ओढत नेलं, कुणी काय धरलं, चपला मागून कुणी आणून ठेवल्या. सगळं. मी तिला विचारलं, इतकी वर्षं भाऊ तुझ्या बांधावर येऊन बसले, तेव्हा का नाही बोललीस?

“भाऊ होते तवर कसं सांगू, ताई? त्यांनी मला परत कोर्टात उभी केली असती. आता कोन नेनार हाय मला?”

वहिनींनी एकच विचारलं. “ती काही बोलली का गं?”

कौसाबाईनं पदर तोंडाशी नेला. “आई म्हनून वरडली. दोनदा. मंग नाय.”

वहिनी उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. कौसाबाई माझ्याकडं बघत राहिली.

“जाऊ का मी?” तिनं विचारलं.

मी उठून तिच्यासाठी दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिले.