शेवंताआक्काचं हळवं भात

शेवंताआक्काशी ज्याचं भांडण झालं नाही, असा माणूस पडघ्यात मला अजून भेटायचा आहे. माझी भाताची गिरणी. कोंडा कमी भरला म्हणून तिने मला भर गिऱ्हाइकांत चोर म्हटलं होतं. पण केसरीनाथशेटचा विषय निघाला की तिला मीसुद्धा देवमाणूस वाटायचो. त्यावरून तो कसा असेल ते समजा.

केसरीनाथ राहनाळचा, गोदामांच्या भाड्यावर फुगलेला. पडघ्याजवळचं शेत त्याने आक्काला अर्धेलीने दिलं होतं. राबायचं आक्काने, पीक निम्मं निम्मं. कागद मात्र केला नाही. उद्या बाई कूळ म्हणून उभी राहील, ही धास्ती.

सरकार भात पिकवणाऱ्यांना बोनस देतं, आणि तो सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात पडतो. त्यासाठी शेतात जाऊन उभ्या पिकाचा फोटो मोबाइलवरून टाकावा लागतो. शेट तेवढ्यापुरता यायचा, दसरा उलटल्यावर. बांधावर उभा राहून फोटो काढायचा आणि बुटाला चिखल लागायच्या आत गाडीत बसायचा. असल्याला शेतकरी म्हणायचं आणि लावणीत कंबर मोडणारीला ठेंगा. बघून माझं डोकं फिरायचं.

एकदा आक्काने तोंडावरच विचारलं, "भात अर्धं, तं बोनस बी अर्धा द्या, शेट."

"बोनस जमिनीचा हाय. तुझी जमीन हाय का?"

आक्का गप्प बसली. ती गप्प बसली तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पुढच्या पावसात सगळ्यांनी गरवं भात लावलं, हिने हळवं. हळवं लवकर पिकतं, पण उतारा कमी. मी म्हटलं, "आक्का, हातानं नुकसान करून घेतेस."

"तू भरडायचं बघ," ती म्हणाली.

दसऱ्याआधी तिने भात कापलं, झोडलं, शेटची निम्मी पोती वेगळी रचली. दसरा उलटल्यावर मी तिची पोती गिरणीवर न्यायला टेम्पो घेऊन गेलो, त्याच दिवशी शेट मोबाइल काढून बांधावर उभा राहिला. समोर नुसती धसकटं.

"भात कुठाय?"

"पोत्यात. तुमचं अर्धं मोजून घ्या."

शेजारच्या शेतात जाऊन त्याने फोटो काढायचा प्रयत्न केला. हे शेत तुमचं नाही, असं मोबाइलनेच त्याला सांगितलं. मग त्याचं तोंड सुटलं. काय काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाला, "या शेतात परत पाय ठेवायचा न्हाय."

शेत त्याने गावातल्याच नवशाला अर्धेलीने दिलं. आक्का गोदामात झाडू मारायला जाऊ लागली. शेटपेक्षा जास्त राग तिने नवशावर धरला. माझ्या ताटातलं ओढून खाल्लं म्हणायची. समोर दिसला तर थुंकायची.

यंदा पेरणीच्या तोंडावर मी तिच्या कोंबड्यांसाठी कोंडा पोचवायला तिच्या अंगणात गेलो, तर नवशा दारात येऊन उभा. आक्काने पाठ फिरवली.

"शेवंताबाय, हळव्याचं बियाणं हाय का थोडं?"

"कशाला?"

"मी बी बोनस अर्धा मागितला. शेट न्हाय म्हनला."

आक्काने त्याला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. आतून बियाण्याचं पोतं ओढत आणलं आणि म्हणाली, "टॉवेल पसर."