टाइप-सी आणि अर्धा किलो लसूण

घरातले सगळे जुने चार्जर भंगारवाल्याला देऊन अर्धा किलो लसूण घेण्याचा निर्णय माझा होता. मी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे वायरींच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. (बाकी बाबतीत मला कोणी विचारत नाही!)

"आता सगळ्यांना एकच पिन! आईचा फोन, माझा फोन, शेतातली बॅटरी, सगळं टाइप-सी," मी अख्ख्या वस्तीला सांगत सुटले. खरंच, डब्यातला गुंता गेला. फक्त एका वायरीसाठी घरात भांडणं सुरू झाली, एवढंच.

अप्पांच्या बटणाच्या फोनला जुनी पिन लागते, हे मात्र मी विसरले. त्याची बॅटरी चार दिवस टिकते, म्हणून माझी चूकही चार दिवस झाकून राहिली. पाचव्या दिवशी नगरच्या वसतिगृहाच्या अर्जाची मुदत पाच वाजता संपणार होती. ओटीपी येणार अप्पांच्या फोनवर. चार वाजता त्या फोनने मान टाकली! वसतिगृह हुकलं, तर वर्षभर रोज चार तास एसटीत.

मी शेजारी धावले. "मावशी, जुन्या पिनचा चार्जर आहे का?"

"अगं, तूच म्हनलीस ना टाका म्हनून? आमी बी लसून घेतला की!"

सगळ्या वस्तीत लसूणच लसूण!

"बबनच्या दाढीच्या मशिनला तसली पिन हाय," अप्पांना आठवलं. अप्पांना घेऊन आयुष्यात पहिल्यांदा मी सलूनची पायरी चढले. ते मशिन वायर लावली तरच चालायचं आणि खुर्चीत एक नवरदेव बसला होता.

"काका, पाचच मिनिटं वायर द्या ना," मी रडवेली.

"अवो, अर्धीच दाढी झालीय! पोरगीवाले वाट बघत्यात!" नवरदेव ओरडला.

बबनकाकांनी वायर काढली. फोन सुरू झाला, ओटीपी आला, अप्पांनी तो दोनदा वाचला, आणि पाचला तीन मिनिटं असताना अर्ज गेला. नवरदेव अर्ध्या दाढीने माझ्याकडे बघत होता.

घरी आलो. आईने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मंग त्या फोनातलं सिमकार्ड काढून माझ्या फोनात का न्हाई घातलं?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

कॉम्प्युटर सायन्स मुकाट्याने लसूण सोलायला बसलं.