इनासकाकांचं बावखल आणि आमची ब्रिगेड

चांगल्या कामात काम थोडं आणि किस्से फार होतात, असा माझा अनुभव आहे. बावखल साफ करण्याच्या कामात तर किस्से जलपर्णीसारखे वाढतात. एक उपटावा, तर पुढच्या रविवारी तिथे चार उगवलेले! मग ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

बावखल म्हणजे आमच्या वसईकडच्या वाड्यांमधलं, माणसांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. केळी, फुलं, भाजी, सगळं त्याच्यावर जगतं. निर्मळला आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीला लागून असंच एक बावखल आहे. अर्धं इनासकाकांचं आणि अर्धं त्यांचे थोरले भाऊ पास्कोल यांचं. पास्कोलकाका असतात बहारीनला. मी मूळची रत्नागिरीकडची, नोकरी मुंबईत आणि फ्लॅट इथे. त्या बावखलाच्या हिरव्यागार पाण्याचा वास माझ्या स्वयंपाकघरात फुकट येत असे.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर मी इनासकाकांकडे बसले असताना पास्कोलकाकांचा फोन आला, स्पीकरवर. "जानेवारीत माझ्या शेरिलच्या लग्नाला येतोय. लग्न उरकलं की त्या डबक्यात भरणी टाकून घेऊ. ट्रकवाल्याशी बोललोय."

इनासकाका म्हणाले, "पाणी साफ झालं तर?"

"आधी होऊ दे. मग बोल!"

मग दोघे भाऊ त्यांच्या घरच्या बोलीत बराच वेळ भांडले. ती बोली मला कळत नाही, पण फोन ठेवल्यावर काकांचा चेहरा कळला. त्यांच्या आजोबांनी खणलेलं बावखल होतं ते. जानेवारीपर्यंत पाणी स्वच्छ झालं तर ठीक, नाहीतर मातीचे ट्रक!

अशी आमची 'बावखल ब्रिगेड' जन्माला आली. इनासकाका, शेजारच्या वाडीतले हरेश्वरभाऊ, माझ्याच मजल्यावरच्या रिटायर्ड शिक्षिका सुलभाताई, मी आणि रविवारी सापडतील ती माणसं. व्हॉट्सअॅप ग्रुप आधी झाला, काम नंतर.

*

पहिल्या रविवारी उत्साह असा की विचारू नका. आम्ही गुडघाभर चिखलात उतरून अर्ध्या बावखलातली जलपर्णी ओढून काढली आणि काठावर तिचा ढीग रचला. ढिगापुढे उभं राहून फोटो काढले. ग्रुपवर टाळ्यांचे, फुलांचे, हात जोडल्याचे मेसेज आले. सुलभाताईंनी वडापाव मागवले.

त्या रात्री पाऊस धो धो कोसळला.

सकाळी इनासकाकांचा ग्रुपवर फोटो. अख्खा ढीग घसरून पुन्हा पाण्यात! खाली त्यांनी लिहिलं होतं, "पाहुणी माहेरी परत आली. पुढच्या रविवारी पुन्हा बोळवण करायला यावे."

तेव्हापासून जलपर्णी थेट वाडीच्या दुसऱ्या टोकाला न्यायची आणि तिथे तिचं खत करायचं, असा नियम झाला. वडापाव आता नेऊन झाल्यावरच मिळतात.

*

मुळात ही जलपर्णी एवढी माजते कशाने, ते सुलभाताईंनी आम्हाला समजावलं. त्यांनी चाळीसेक वर्षं विज्ञान शिकवलंय, त्यामुळे समोर कोणीही असला तरी तो सातवीतलाच असतो. खत, साबण, सांडपाणी, कुजकं अन्न, सगळं पाण्यात जातं आणि त्यावर शेवाळ, जलपर्णी पोसतात, असं त्या सांगत होत्या.

"लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "पाणी उपासमारीने मरत नाही. अपचनाने मरतं!"

हरेश्वरभाऊ मागे तंबाखू मळत उभे होते. बावखलाच्या वरच्या अंगाला त्यांची केळी. पाऊस येणार असं दिसलं की ते आदल्या दिवशी युरियाची गोणी रिकामी करणार, हा वडिलांपासूनचा शिरस्ता. कारण काय, तर पावसात तो आपोआप मुळांत उतरतो.

"म्हंजे बाय," ते सुलभाताईंना म्हणाले, "माझा युरिया पावसात वाहून ह्या पान्यात जातो?"

"अर्धाअधिक जातो."

भाऊंनी तंबाखू मळायचं थांबवलं. केळीकडे बघितलं. मग जलपर्णीकडे बघितलं.

"म्हंजे इतकी वर्सं मी गोनी इकत आनून हिला जेवाया घालतो, नं माझी केली उपाशी?"

सुलभाताईंनी मान डोलावली.

त्या दिवसापासून भाऊ पावसाआधी खत टाकत नाहीत. टाकतात तेही थोडंथोडं, बुंध्याशी, मातीआड करून. एवढंच नाही, आभाळ भरून आलेलं असताना वाटेने कोणी गोणी घेऊन जाताना दिसला, तर स्कूटर थांबवून विचारतात, "काय, बावखलाला डबा द्याया चाललास काय?"

*

पण खरा गुन्हेगार आमच्याच घरात निघाला! बावखलाच्या एका कोपऱ्यात रोज सकाळी फेस यायचा. आमची बिल्डिंग अगदी तिथेच. आम्हाला संशय आला की वॉशिंग मशीनचं पाणी पावसाच्या पाण्याच्या गटारातून थेट बावखलात जातंय.

सोसायटीचे चेअरमन म्हणजे सुलभाताईंचे यजमान, कुलकर्णी सर. मीटिंगमध्ये त्यांनी ठणकावून सांगितलं, "आपलं प्लंबिंग परफेक्ट आहे. तो फेस पलीकडच्या बिल्डिंगचा आहे. तुमच्याकडे पुरावा काय?"

पुरावा काय, म्हटल्यावर ब्रिगेड गप्प बसेल का? पुढच्या रविवारी सर बावखलाच्या काठी उभे राहून आम्हाला पलीकडच्या बिल्डिंगचे पाइप दाखवत होते. एकेक पाइप बोटाने दाखवून समजावणं चालू होतं. तेवढ्यात त्यांच्या मागे पाण्यावर एक केशरी रेघ उमटली. बघता बघता तो कोपरा केशरी झाला. अगदी जिलेबीसारखा!

सर वळले. पाण्याकडे बघितलं. आवाज जराही न बदलता म्हणाले, "हा रंगसुद्धा पलीकडच्या बिल्डिंगचाच आहे."

वरून बाल्कनीतून सुलभाताई ओरडल्या, "अहो, आपलाच आहे! जिलेबीचा रंग. मीच टाकलाय मशीनमध्ये!"

आठवड्याच्या आत सगळ्या मशीनचे पाइप ड्रेनेजला जोडले गेले. सरांनी त्या कामावर स्वतः उभं राहून देखरेख केली. मात्र त्यांचे दोन पांढरे शर्ट मशीनमध्येच राहिले होते, आणि ते अजून फिकट केशरीच आहेत.

*

आमच्याच सोसायटीत दादरहून आलेले एक आजोबा आहेत. अत्यंत सज्जन. रोज सकाळी बेकरीतून पाव आणायचे, आणि त्याचे तुकडे करून बावखलात टाकायचे. माशांना खाऊ घातलं की पुण्य लागतं, असं त्यांचं म्हणणं. मासे दोन तुकडे खायचे, बाकीचा पाव तळाला जाऊन कुजायचा.

त्यांना सांगणार कोण? मी प्रयत्न केला, तर म्हणाले, "मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढू नये, बाळ." सुलभाताईंनी अपचनाचा धडा पुन्हा घेतला. आजोबांनी शांतपणे ऐकला आणि दुसऱ्या दिवशी दोन पाव जास्त आणले.

शेवटी इनासकाका गेले. आजोबांच्या शेजारी काठावर बसले.

"आजोबा," ते म्हणाले, "आमच्या वसईत पाव माशांबरोबरच खातात, हे खरं आहे. पण तो माशांनी नाही खायचा!"

आजोबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आता ते तोच पाव घरी नेऊन चहाबरोबर खातात, आणि पुण्य म्हणून रविवारी आमच्याबरोबर जलपर्णीची टोपली धरतात.

*

गणपतीत आम्ही काठावर निर्माल्यासाठी मोठं पिंप ठेवलं. हार-फुलं पाण्यात जायला नकोत म्हणून कोणीतरी तिथे पूर्ण वेळ उभं राहायला हवं होतं. बाकी सगळ्यांच्या घरी गणपती! मोकळे एकटे इनासकाका. ते पांढरा सदरा घालून पिंपाशी उभे राहिले, येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून निर्माल्य अदबीने उतरवून घेऊ लागले.

एक नवीन कुटुंब आलं. बाईंनी काकांना वाकून नमस्कार केला. "गुरुजी, आमची शेवटची आरती तुम्हीच सांगा ना. यांना अर्धीच येते."

आम्हीही तेव्हा निर्माल्य घेऊन आलो होतो. काकांनी एकदा आमच्याकडे बघितलं, आणि आरती सुरू केली. एकही कडवं न चुकवता! लहानपणापासून हरेश्वरभाऊंच्या घरच्या गणपतीत टाळ वाजवलेले. मागून मंत्रपुष्पांजलीसुद्धा झाली.

बाई भारावून गेल्या. "गुरुजी, राहता कुठे आपण?"

"इथेच," काका म्हणाले. "चर्चच्या मागे."

*

सगळेच किस्से हसण्याचे नव्हते. नोव्हेंबरात पाणी बऱ्यापैकी निवळलं होतं, पण पलीकडच्या काठाला जलपर्णीचा एक पट्टा हटत नव्हता. आणि एका सकाळी बावखलात मासेच मासे तरंगताना दिसले. मेलेले.

इनासकाका पायरीवर बसून होते. त्यांनीच सांगितलं. लग्न जवळ येतंय म्हणून त्यांनी कोणाला न विचारता त्या पट्ट्यावर तणनाशक मारलं होतं. जलपर्णी जागच्या जागी कुजली आणि पाण्यातला प्राणवायू संपला.

"वाटलं, लवकर होईल," ते म्हणाले. बस, एवढंच. मला त्या दिवशी खरंच रडू आलं. इतक्या महिन्यांची मेहनत गेली त्यापेक्षा या माणसाला किती भीती वाटत असेल, याचं.

हरेश्वरभाऊंनी जाळं आणून मासे काढले, कुजका पाला काढला. मग आपला पंप लावला आणि बावखलाचं पाणी उंचावरून परत बावखलातच सोडत ठेवलं, हवा मिळावी म्हणून. सगळं करून होईपर्यंत ते इनासकाकांशी एक शब्द बोलले नाहीत. मग शेजारी येऊन बसले.

"इनास, लगीन तुझ्या भावाच्या पोरीचा. नं नवऱ्यासारखी घाई तुला?"

काका हसले. रडत रडतच हसले. पुढचे पंधरा दिवस तो पंप भाऊंनी बंद होऊ दिला नाही. काठावर कर्दळ आणि अळू लावलं, ते जोमाने वाढलं, आणि नाताळाच्या सुमारास पाण्यात पुन्हा बारीक मासे दिसायला लागले.

*

आणि मग जानेवारी. पास्कोलकाका आले. पहिल्या दिवशी बावखलाकडे फिरकलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मांडव उभा राहिला, आणि इनासकाकांना ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी ट्रकवाल्याला फोन केला, "सोमवारी नक्की. आठ गाड्या."

त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायला वाजतगाजत जातात. पुढे बँड, मागे लाल लुगडी नेसलेल्या आज्या आणि आत्या, त्यांच्या डोक्यावर कळशा. पूर्वी हे पाणी याच बावखलाचं असायचं. घाण झाल्यापासून कोणाच्याही लग्नात नळावरच वरात नेतात. पास्कोलकाकांनी तर नळाची भानगडच ठेवली नव्हती. मांडवात पाण्याचे वीस लिटरचे जार ओळीने मांडून ठेवले होते. "कळशा इथेच भरा. उगीच चिखलात कोण जाणार?"

बँड वाजायला लागला. बायका उठल्या. सगळ्यांत पुढे दोघा भावांची आत्या, वय नव्वदीच्या पुढे, हातात काठी. ती जारांकडे गेली. एका जारवर काठीने टकटक केलं. आणि काही न बोलता वळून बावखलाच्या वाटेला लागली. आता आत्याच निघाली म्हटल्यावर बाकीच्या थांबतात कशाला? आणि बायका निघाल्यावर बँडवाले तरी काय करणार? आम्ही ब्रिगेडवाले सगळ्यांत मागे, जीव मुठीत धरून.

पास्कोलकाका धावत आले. "आत्या, अगं ते पाणी..."

आत्या तोपर्यंत शेवटच्या पायरीवर पोचली होती. तिने लुगडं वर खोचलं, ओंजळ भरली आणि नाकाशी नेली. बँड थांबला. मी इनासकाकांकडे बघितलं, तर त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

आत्याने ते पाणी सरळ पास्कोलकाकांच्या तोंडावर मारलं! नवा सूट, टाय, सगळं भिजलं. शेरिल खो खो हसायला लागली. आत्या त्यांच्या बोलीत काहीतरी मोठ्याने म्हणाली, आणि सगळ्या बायका खाली उतरून कळशा भरू लागल्या.

पास्कोलकाका तसेच उभे. ओठांवर आलेलं पाणी त्यांनी जिभेने चाटलं. मग ओल्या खिशातून फोन काढला. इनासकाकांकडे बघितलंसुद्धा नाही.

"हां, मी पास्कोल. सोमवारी आठ गाड्या सांगितल्या होत्या ना? पाठव. पण रिकाम्या पाठव. आमच्या बावखलातला गाळ काढायचाय!"