मागच्या खोलीतले चार दिवस

माझी पाळी थांबली ते मी घरात कोणाला सांगितलं नाही. आमच्या जैनांच्या घरात त्या दिवसांत बाई बाजूला बसते. चूल, पाणी, देव, कशालाच हात लावायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हा गोठ्याकडच्या खोलीत एकटी बसून मी रडायचे. पुढे त्याच खोलीची वाट बघायला लागले. तीस वर्षांत मला उसंत मिळाली ती तेवढीच. चौथीपर्यंतचीच शाळा झालेली, पण तिथं बसून मुलांच्या जुन्या वह्यांत मी लिहायचे.

पाळी गेली आणि अंगातून वाफा निघायला लागल्या. नवऱ्यानं नुसतं पाणी मागितलं तरी डोळे भरून यायचे. उचगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात असं होतं. नाचणी खा, सकाळी चाला, झोप पुरी करा, मनातलं कुणाशी तरी बोला, आणि रोज थोडा वेळ कामाशिवाय बसा. नाचणी आणि चालणं जमलं. बोलणं माझ्या स्वभावात नाही. कामाशिवाय बसायचं तर कुठं, ते कळेना. मग एक दिवस मोठ्या जावेला म्हटलं, आक्का, मी बाजूला बसले. आणि चटई घेऊन खोलीत गेले. चार दिवस शांत झोप लागली. पुढच्या महिन्यात परत तेच. असे पाच महिने गेले.

त्या दिवसांत सगळा स्वयंपाक आक्कांवर पडायचा. त्यांची कंबर धरलेली. भिंतीला हात लावत यायच्या आणि माझं ताट दारात ठेवायच्या. तरी मी खोली सोडली नाही. पर्युषणात, आमच्या उपास-पूजेच्या मोठ्या दिवसांतही, खोटंच बसले, मंदिरात गेले नाही.

पर्युषण संपलं की आमच्यात सगळे एकमेकांची क्षमा मागतात. दरवर्षी मी ते भरभर म्हणून मोकळी होते. यंदा आक्कांच्या पायाशी वाकले आणि तिथंच बसले.

शेवटी म्हटलं, "आक्का, माझी पाळी कवाच गेलीया. खोटंच बसत हुतो मी."

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "ठावं हाय. पाच महिनं दोरीवर तुझं कापड न्हाई. मला दिसत न्हाई व्हय?"

"मग बोलला न्हाईसा?"

"काय बोलायचं? माझी गेली तवा मला बी असंच घाम यायचा, रडू यायचं. कुणाला सांगितलं न्हाई." एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "बस की. पण चार दिवस एकदम नगं, माझी कंबर जाती. रोज थोडं थोडं बस."

आता दुपारची भांडी झाली की मी चटई घेऊन खोलीत जाते. घाम येतो, रडूही येतं. पर्युषणातल्या त्या दिवसांची बोच आहेच. कधी आक्काही येतात आणि चटईच्या कडेला कंबर टेकतात. आम्ही फार बोलत नाही. ज्या खोलीत तीस वर्षं मला कुणी शिवलं नाही, तिथं त्यांचा पाय माझ्या पायाला लागलेला असतो.